प्रकाशनं

दर एप्रिलमध्ये मी सगळ्यांना एक अर्ज पाठवते:
वर्षभरात काय साधलंत, लिहून द्या.
रकाने पाच. प्रकाशनं, पुरस्कार, अनुदानं, परिषदा, पदव्या.
मुदत पंधरा तारीख.
पंधराला कुणीच देत नाही.

सुपीरियर सरोवरावरचा बर्फ तेव्हा तडकू लागलेला असतो,
खिडकीतून बंदुकीसारखा बार ऐकू येतो,
आणि मी दारोदार फिरते,
उधारी वसूल करायला निघाल्यासारखी.

इंगरिड लिंडक्विस्ट यांचा अर्ज तेवढा वेळेवर, टाचणीसकट.
यंदा त्यांना एक नवं दगडफूल सापडलं,
बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीच्या तोंडाशी,
नखाएवढं, राखी.
एकोणीस वर्षं त्या वाकून चालल्या
तेव्हा कुठे ते दिसलं.
पहिल्या रकान्यात ते अगदी चपखल बसतं.
त्यांच्या पाठदुखीला मात्र मी जागा शोधते आहे.

गणिताचे ऑर्विल टेस्के कोराच कागद परत करतात.
"यंदाही काही नाही हो."
मंगळवारी रात्री साडेनऊपर्यंत त्यांच्या खोलीत दिवा असतो,
समोर डेल, लाकडाचे ओंडके वाहणारा, वय एकावन्न,
अपूर्णांकांशी पाचव्यांदा झुंजणारा.
डिसेंबरात डेल पास झाला.
वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं एक अख्खा मासा
सरांच्या टेबलावर ठेवला, डोळ्यांसकट.
टेस्केंनी सगळं आयुष्य मोजण्यात घालवलं,
तो मासा मात्र मोजला नाही.

तळघरात मी कधी अर्ज पाठवलाच नव्हता.
बावीस वर्षं.
यंदा वरून फर्मान आलं: कर्मचारीही.
म्हणून जिना उतरले. खाली
बॉयलरशेजारी तोइवो राउतिओ कॉफी पीत बसलेले.
त्यांनी कागद दोन बोटांनी धरला,
दुसऱ्याचं बाळ धरावं तसा.

तीन आठवड्यांनी स्वतः वर आले.
कागदावर तेलाचा अंगठा,
आणि पेन्सिलीनं एक ओळ:
"अठ्ठावीस जानेवारी. उणे एकतीस. काही झालं नाही."
"कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्ही बघा," म्हणाले.

ती रात्र मला आठवते.
गावाची वीज गेली होती, रस्ता बुजला होता,
व्यायामशाळेत दीडशे माणसं जमिनीवर,
नर्सिंगच्या मुली म्हाताऱ्यांचे पाय चोळत होत्या,
कुणाचं तरी कुत्रं, कुणाचा तरी पोपट.
आणि भिंतीतून रात्रभर ठणठण, ठणठण
वाफेच्या नळ्यांची.
सकाळी एकानं लेखी तक्रार दिली:
आवाजानं झोप लागली नाही.
ती तक्रार मीच फाइलला लावली, तारखेचा शिक्का मारून.

सहावा रकाना आखू का, विचारलं.
उत्तर आलं, पाचच.

मग मी बराच वेळ त्या पाच शब्दांकडे पाहत बसले.
पुरस्कार? नाही. अनुदान? उलट, त्यांच्या जादा तासांचे पैसे
अजून कुणाच्या तरी सहीसाठी अडलेत.
परिषद म्हणावी तर बोलणारा एकच, तोही बॉयलरशी.
शेवटी पुन्हा पहिल्यावर आले.
प्रकाशनं.
रोज टाइप करते हा शब्द, कधी फोडून पाहिला नव्हता.
त्या रात्री गावात
तळ्यावरून दिसणारा दिवा एकच होता.

म्हणून छापलं:
राउतिओ, तोइवो. "काही झालं नाही."
एक रात्र. तळघर, मुख्य इमारत.
र आधी, ल नंतर,
त्यामुळे ते दगडफुलाच्या वर आले.
इंगरिडबाईंनी वाचलं, चश्मा काढून पुन्हा वाचलं,
म्हणाल्या, "पानं किती, ते राहिलं लिहायचं."

तोइवोंनी दोन प्रती मागून नेल्या.
एक बहिणीला पाठवली.
दुसरी गरम नळीमागे खोचली आहे,
कडेनं पिवळी पडू लागली आहे एव्हाना.

माझा अर्ज अजून खणात आहे.
मुदत टळून गेली.